किट कारसाठी द्रवीय क्लचच्या मास्टर सिलिंडराची निवड

कारखान्यातून पूर्ण तयार होऊन बाहेर पडणाऱ्या मोटारीत क्लचचा मास्टर सिलिंडर कोणत्या मापाचा असावा, हा प्रश्न मालकापुढे कधीही उभा राहत नाही. आराखडा करणाऱ्या अभियंत्याने त्याचे उत्तर अगोदरच देऊन ठेवलेले असते. सिलिंडर निकामी झाला, तर त्याच क्रमांकाचा दुसरा आणून बसविणे एवढेच काम उरते. सुट्या भागांच्या संचातून घरी जुळविल्या जाणाऱ्या मोटारीची, म्हणजे किट कारची, गोष्ट निराळी आहे. तिचे इंजिन एका मोटारीचे, गिअरबॉक्स दुसरीचा, पेडलांची चौकट संच पुरविणाऱ्याची आणि क्लच कदाचित चौथ्याच निर्मात्याचा असतो. हे भाग एकमेकांसाठी घडविलेले नसल्यामुळे त्यांना जोडणाऱ्या दुव्याचे माप कोणत्याही यादीत छापलेले सापडत नाही. ते काढावे लागते.

अशा मोटारींची परंपरा मुख्यतः ब्रिटनमधील आहे. १९५७ साली कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने ‘सेव्हन’ ही हलकी, दोन आसनांची मोटार बाजारात आणली. पूर्ण मोटारीवर त्या काळी ब्रिटनमध्ये खरेदी कर द्यावा लागे. सुट्या भागांच्या रूपात घेतलेल्या मोटारीवर तो लागत नसे. १९७३ मध्ये त्या कराची जागा मूल्यवर्धित कराने घेतली आणि ही सवलत संपली. त्याच वर्षी ‘सेव्हन’चे हक्क केटरहॅम कंपनीकडे गेले. मोटार स्वतः जुळविण्याची हौस मात्र कराबरोबर संपली नाही. १९९६ मध्ये रॉन चँपियन यांनी अल्प खर्चात अशी मोटार बांधण्यावर पुस्तक लिहिले, आणि त्यातून ‘लोकॉस्ट’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या मोटारींचा एक वर्गच निर्माण झाला. या मोटारींत जुन्या फोर्ड गाड्यांचे भाग वारंवार वापरले जातात. उदाहरणार्थ, फोर्ड सिएरा मोटारीच्या ‘टाइप ९’ गिअरबॉक्सबरोबर मुळात केबलीचा क्लच होता. अरुंद सांगाड्यात केबलीला तीव्र वळणे द्यावी लागली की ती जड चालते व लवकर झिजते. म्हणून बांधणारे पुष्कळदा केबल काढून द्रवीय योजना बसवितात. मास्टर सिलिंडराच्या निवडीचा प्रश्न तेथेच प्रथम उपस्थित होतो.

या निवडीत चूक झाली, तर ती पहिल्या दिवशी दिसतेच असे नाही. क्लच अपुरा सुटत असेल, तर गिअर बदलताना खरखर होते आणि सिंक्रोमेशच्या कड्या हळूहळू झिजतात. क्लच मर्यादेपलीकडे दाबला जात असेल, तर स्प्रिंगची बोटे वाकतात किंवा तडकतात. दोन्ही प्रसंगी दुरुस्तीसाठी इंजिन वा गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. अर्ध्या तासाचे गणित टाळल्याची ही किंमत आहे.

मूळ तत्त्व

बंदिस्त द्रवाच्या एका भागावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हे तत्त्व ब्लेझ पास्कल यांनी मांडले. द्रवांच्या समतोलाविषयीचा त्यांचा प्रबंध त्यांच्या मृत्यूनंतर १६६३ साली प्रसिद्ध झाला. त्याचा यंत्ररूपाने मोठा उपयोग जोसेफ ब्रामा यांनी केला. १७९५ मध्ये त्यांनी द्रवीय दाबयंत्राचे एकस्व घेतले. लहान दट्ट्यावर थोडी प्रेरणा देऊन मोठ्या दट्ट्यावर मोठी प्रेरणा मिळविणे हे त्या यंत्राचे मर्म होय. दाब वाढेल तसतशी सिलिंडराच्या भिंतीवर अधिकच घट्ट बसणारी चामड्याची वाटी हा त्या यंत्राचा प्राण होता. तिचे श्रेय सामान्यतः हेन्री मॉड्स्ले यांस दिले जाते. आजच्या मास्टर सिलिंडरातील रबरी वाटी हे तिचेच रूप आहे. मोटारीच्या चारही चाकांना द्रवीय ब्रेक १९२१ सालच्या ड्यूसेनबर्ग मोटारीत होते. पुढे हीच योजना क्लचसाठीही स्वीकारली गेली.

क्लचच्या योजनेत दोन सिलिंडर असतात. पेडलाला जोडलेला तो मास्टर सिलिंडर. गिअरबॉक्सजवळ बसून क्लचची तरफ हलविणारा तो स्लेव्ह सिलिंडर. पेडल दाबले की मास्टरचा दट्ट्या पुढे सरकतो आणि तेवढ्या घनफळाचे तेल नळीतून स्लेव्हमध्ये जाते. येथे दोन साधी समीकरणे पुरेशी आहेत. पहिले दाबाचे : दोन्ही सिलिंडरांत दाब समान, म्हणून प्रेरणा दट्ट्याच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात. दुसरे घनफळाचे : मास्टरमधून गेलेले तेल तितकेच स्लेव्हमध्ये आलेले, म्हणून धाव क्षेत्रफळाच्या व्यस्त प्रमाणात. या दोहोंचा गुणाकार केला की तिसरी गोष्ट आपोआप निघते. प्रेरणा व अंतर यांचा गुणाकार, म्हणजेच कार्य, दोन्ही बाजूंस समान राहते. सिलिंडर कोणताही निवडला, तरी पायाला करावयाचे कार्य कमी होत नाही. थोड्या प्रेरणेने लांब अंतर की अधिक प्रेरणेने थोडे अंतर, एवढाच पर्याय उरतो. मास्टर सिलिंडराच्या निवडीविषयीचे बहुतेक गैरसमज या एका गोष्टीच्या विस्मरणातून उद्भवतात.

त्यांतील सर्वांत रूढ समजूत अशी, की मोठा सिलिंडर ‘जोरदार’ असतो व त्यामुळे क्लच हलका होतो. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. मास्टरचा अंतर्व्यास वाढविला की पेडल जड होते आणि त्याची धाव आखूड होते. अंतर्व्यास घटविला की पेडल हलके होते आणि धाव लांबते. शिवाय क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलत असल्याने व्यासातील लहान फरक मोठा परिणाम घडवितो. ५/८ इंचाऐवजी ३/४ इंचाचा सिलिंडर घेतला, तर व्यासात केवळ २० टक्के वाढ होते. क्षेत्रफळात मात्र ४४ टक्के.

क्लचची मागणी

निवडीचा विचार पेडलापासून सुरू करण्याचा मोह स्वाभाविक आहे, कारण तेच डोळ्यांसमोर असते. परंतु योग्य क्रम उलटा आहे. प्रारंभ क्लचपासून, म्हणजे रिलीज बेअरिंगपासून करावयास हवा. कारण त्या ठिकाणच्या दोन राशी क्लचच्या निर्मात्याने ठरविलेल्या असतात आणि त्यांत बदल करण्यास बांधणाऱ्याला वाव नसतो.

पहिली राशी बेअरिंगच्या धावेची. डायफ्रॅम स्प्रिंगच्या क्लचमध्ये मध्याकडे वळलेली पोलादी बोटे असतात. बेअरिंग त्या बोटांना आत ढकलते, तेव्हा स्प्रिंग उलटी कलते व प्रेशर प्लेट मागे येते. बोटांची धाव सात-आठ मिलिमीटर असली, तरी प्रेशर प्लेट त्याच्या लहानशा अंशानेच सरकते. क्लच प्लेटच्या दोन्ही बाजूंस मिळणारी फट तर त्याहूनही अल्प असते. म्हणून बेअरिंगच्या धावेतील एक-दीड मिलिमीटरची तूट क्षुल्लक मानता येत नाही. ती फट जवळजवळ नाहीशी करू शकते. धावेला वरची मर्यादाही असते. ती ओलांडल्यास बोटांच्या मुळाशी ताण वाढतो आणि कालांतराने ती तडकतात.

दुसरी राशी बेअरिंगवरील प्रेरणेची. डायफ्रॅम स्प्रिंगची प्रेरणा धावेबरोबर सरळ वाढत जात नाही. ती प्रथम वाढते, एका शिखरास पोहोचते व नंतर काहीशी उतरते. पेडल पूर्ण दाबून धरताना ते मध्यावरच्यापेक्षा हलके वाटते, याचे कारण हेच. गणितासाठी शिखराचीच प्रेरणा धरली पाहिजे.

बेअरिंग व स्लेव्ह यांच्यामध्ये बहुधा एक तरफ असते. तिचे गुणोत्तर मापून काढता येते : टेकूपासून स्लेव्हच्या दांडीपर्यंतचे अंतर भागिले टेकूपासून बेअरिंगपर्यंतचे अंतर. ही दोन अंतरे गिअरबॉक्स मोटारीखाली बसविण्यापूर्वीच मोजून ठेवणे श्रेयस्कर. नंतर तेथे पट्टी पोहोचत नाही.

एक उदाहरण

आकड्यांवाचून हा विषय स्पष्ट होत नाही, म्हणून एक काल्पनिक परंतु वास्तवाशी जुळणारे उदाहरण घेता येईल. समजा, बेअरिंगची आवश्यक धाव ८ मि.मी. व कमाल प्रेरणा १,४०० न्यूटन आहे. तरफेचे गुणोत्तर १.७५ आहे. तर स्लेव्हच्या दांडीला १४ मि.मी. सरकावे लागेल व ८०० न्यूटन प्रेरणा द्यावी लागेल. स्लेव्हचा अंतर्व्यास ७/८ इंच, म्हणजे २२.२ मि.मी. असल्यास त्याचे क्षेत्रफळ ३८८ चौ. मि.मी. होते. आवश्यक तेल ३८८ × १४, म्हणजे सुमारे ५.४३ घन सें.मी.; आणि दाब ८०० ÷ ३८८, म्हणजे प्रत्येक चौ. मि.मी. वर २.०६ न्यूटन, सुमारे २०.६ बार.

येथवर मास्टर सिलिंडराचा उल्लेखही आलेला नाही, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. त्याच्याकडून काय हवे, हे मात्र आता निश्चित झाले : २०.६ बार दाबाखाली ५.४३ घन सें.मी. तेल.

आता पेडलाकडे वळता येते. समजा, पेडलाचे गुणोत्तर ५ आहे. पावलाच्या ठिकाणी पेडल ५ मि.मी. सरकले की मास्टरचा दट्ट्या १ मि.मी. सरकतो. दांडी व दट्ट्या यांमधील मोकळीक आणि टाकीकडे जाणारे छिद्र बंद होईपर्यंतची निष्फळ धाव मिळून दट्ट्याचे २ मि.मी. वाया जातात असे धरले. सेव्हनच्या घाटाच्या मोटारीत पाय ठेवण्याची जागा अरुंद व उथळ असते. म्हणून पेडलाला १२० मि.मी. पेक्षा अधिक हलण्यास वाव नाही, असेही मानू या.

बाजारात सहज मिळणाऱ्या चार अंतर्व्यासांचे फल पुढीलप्रमाणे येते.

५/८ इंच : क्षेत्रफळ १९८ चौ. मि.मी. दट्ट्याची एकूण धाव २९.४ मि.मी., पेडलाची धाव १४७ मि.मी., पेडलावरील प्रेरणा ८२ न्यूटन.

०.७० इंच : क्षेत्रफळ २४८ चौ. मि.मी. दट्ट्याची धाव २३.९ मि.मी., पेडलाची धाव सुमारे ११९ मि.मी., प्रेरणा १०२ न्यूटन.

३/४ इंच : क्षेत्रफळ २८५ चौ. मि.मी. दट्ट्याची धाव २१.१ मि.मी., पेडलाची धाव १०५ मि.मी., प्रेरणा ११८ न्यूटन.

७/८ इंच : क्षेत्रफळ ३८८ चौ. मि.मी. दट्ट्याची धाव १६ मि.मी., पेडलाची धाव ८० मि.मी., प्रेरणा १६० न्यूटन.

प्रेरणेचे हे आकडे घर्षण व परतीची स्प्रिंग वगळून आहेत. प्रत्यक्षात त्यांत काही भर पडते. निष्फळ धाव वजा करून प्रत्येक ओळीतील प्रेरणा व अंतर यांचा गुणाकार केल्यास तो सर्वत्र ११.२ जूलच्या आसपास येतो. आणि बेअरिंगपाशी ८ मि.मी. गुणिले १,४०० न्यूटन हेही तेवढेच आहे. गणित बरोबर झाले की नाही, हे पडताळण्याचा याहून सोपा उपाय नाही.

निर्णय कसा होतो

आता प्रश्न उलट बाजूने विचारावा : पेडल १२० मि.मी. पूर्ण दाबले, तर प्रत्येक सिलिंडर बेअरिंगला किती सरकवील? निष्फळ धाव वगळता दट्ट्याला २२ मि.मी. मिळतात. ५/८ इंचाचा सिलिंडर तेवढ्यात ४.३५ घन सें.मी. तेल देतो व बेअरिंग ६.४ मि.मी. सरकते. क्लच पूर्ण सुटत नाही. या सिलिंडराचे पेडल चौघांत सर्वांत हलके आहे, आणि म्हणूनच तो सर्वांत फसवा आहे. गाडी उभी असताना पायाला तो उत्तम वाटतो. त्याचा दोष गिअर टाकतानाच कळतो.

०.७० इंचाच्या सिलिंडराने बेअरिंग ८.०५ मि.मी. सरकते. कागदावर हे अचूक जमले आहे. परंतु इतके अचूक जमणे हाच त्यातील धोका आहे, कारण कोणत्याही हानीसाठी राखीव काही उरलेले नाही. ३/४ इंचाच्या सिलिंडराने बेअरिंग ९.२ मि.मी. सरकते, गरजेहून १.२ मि.मी. अधिक. क्लचच्या निर्मात्याची वरची मर्यादा यापलीकडे असेल, तर हा अधिकांश उपयोगी ठरतो. अलीकडे असेल, तर पेडलाच्या मागे एक अटकाव बसवून धाव रोखता येते. ७/८ इंचाच्या सिलिंडराने मात्र बेअरिंग १२.६ मि.मी. सरकते. ‘स्लेव्ह ७/८ इंचाचा आहे, तेव्हा मास्टरही तेवढाच घ्यावा’ हा वरवर तर्कशुद्ध वाटणारा युक्तिवाद येथे डायफ्रॅमची बोटे मोडण्यापर्यंत नेऊन पोहोचवितो.

तेव्हा या उदाहरणात ३/४ इंचाचा सिलिंडर व पेडलाला अटकाव, ही निवड रास्त ठरते. तिची किंमत ०.७० इंचाच्या तुलनेत पावलावर १६ न्यूटन अधिक प्रेरणा, म्हणजे सुमारे दीड किलोग्रॅम वजनाइतका अधिक भार, एवढीच आहे. धाव अपुरी पडली तर क्लच सुटत नाही. प्रेरणा थोडी वाढली तर पाय तेवढा थकतो. दोन तोट्यांपैकी दुसरा सुसह्य होय.

मात्र ‘३/४ इंच’ हे सार्वत्रिक उत्तर म्हणून लक्षात ठेवणे व्यर्थ आहे. पेडलाचे गुणोत्तर ५ ऐवजी ६ केले, किंवा स्लेव्ह १ इंचाचा घेतला, तर संपूर्ण हिशेब बदलतो. एका मोटारीत उत्तम ठरलेला सिलिंडर दुसरीत निरुपयोगी ठरतो, याचे कारण सिलिंडराच्या गुणावगुणात नसून साखळीतील इतर कड्यांत असते. जुन्या मोटारीतील मास्टर सिलिंडर जसाच्या तसा उचलून आणणाऱ्याने तिच्या पेडलाचे गुणोत्तर, स्लेव्ह व तरफ हेही बरोबर आणले असतील, तरच ती उचल सार्थ म्हणता येईल.

गणिताबाहेरची हानी

वरील गणितात तेल दाबले जात नाही, नळी फुगत नाही व लोखंड वाकत नाही, असे गृहीत धरले होते. प्रत्यक्षात तिन्ही ठिकाणी थोडे-थोडे घनफळ हरवते. राखीव धाव हवी ती यासाठी.

सर्वांत मोठा चोर म्हणजे हवा. समजा, तेल भरताना योजनेत १ घन सें.मी. हवेचा बुडबुडा अडकून राहिला. वातावरणाचा दाब धरून योजनेतील निरपेक्ष दाब सुमारे २१.६ बार होतो. बॉइलच्या नियमाप्रमाणे त्या बुडबुड्याचे घनफळ ०.०५ घन सें.मी. पेक्षाही कमी होते. म्हणजे मास्टरने ढकललेल्या तेलापैकी सुमारे ०.९५ घन सें.मी. केवळ बुडबुडा दाबण्यात खर्च होते. स्लेव्हची धाव जवळजवळ २.५ मि.मी. नी व बेअरिंगची १.४ मि.मी. नी घटते. एवढ्याने ०.७० इंचाचाच काय, ३/४ इंचाचा सिलिंडरही अपुरा पडतो. हवा काढण्याचा स्क्रू स्लेव्हच्या सर्वांत उंच बाजूस असावा, हा नियम म्हणूनच पाळावयाचा. स्लेव्ह उलटा बसविला गेल्यास स्क्रू खाली राहतो, आणि कितीही वेळा पेडल मारले तरी वरची हवा तेथेच राहते. अशा वेळी सिलिंडर बदलून उपयोग नसतो. दोष मापाचा नसून मांडणीचा असतो.

दुसरी हानी लवचीक नळीत होते. सांगाड्यावर पक्की धातूची नळी आणि इंजिन हलते तेवढ्याच भागात लवचीक नळी, ही व्यवस्था चांगली. लवचीक नळी जितकी लांब तितकी ती दाबाखाली अधिक फुगते. पोलादी तारेच्या विणीत गुंफलेली नळी कमी फुगते. एक्झॉस्टच्या पाइपापासून नळी दूर ठेवावी, हे तर उघडच आहे.

तिसरी हानी अनपेक्षित ठिकाणी होते. मास्टर सिलिंडर ज्या पत्र्यावर बसविलेला असतो, तो पेडल दाबताना पुढे वाकतो. वरील उदाहरणात ३/४ इंचाच्या मास्टरच्या दट्ट्यावर ५८८ न्यूटन प्रेरणा येते. तितकीच पत्र्यावरही येते. पत्रा केवळ १ मि.मी. वाकला, तरी पेडलाचे ५ मि.मी. हरवतात. हलक्या मोटारीत पातळ पत्रा असतो. तेव्हा सिलिंडरामागे जाड पट्टी किंवा चौकट देणे इष्ट. हवा काढूनही पेडल ‘मऊ’ राहते, तेव्हा एकाने पेडल दाबावे व दुसऱ्याने पत्र्याकडे पाहावे. पुष्कळदा उत्तर तेथेच सापडते.

ब्रेकचा सिलिंडर क्लचला चालतो काय?

एकेरी दट्ट्याचे ब्रेकचे व क्लचचे मास्टर सिलिंडर बाहेरून सारखे दिसतात, आणि काही निर्माते एकच सिलिंडर दोन्ही कामांसाठी विकतात. तथापि ड्रम ब्रेकसाठी बनविलेल्या सिलिंडराच्या तोंडाशी कधीकधी एक झडप असते, जी पेडल सोडल्यावरही नळीत सुमारे ०.७ बार दाब शिल्लक ठेवते. ड्रमच्या ब्रेकमध्ये तिचा उपयोग आहे. क्लचमध्ये मात्र तिच्यामुळे बेअरिंग बोटांवर सतत दाबलेले राहते व विनाकारण झिजते. असा सिलिंडर क्लचसाठी वापरावयाचा, तर ती झडप काढलीच पाहिजे.

याच संदर्भात टाकीकडील छिद्राचे महत्त्व कळते. क्लच प्लेट झिजते तसतशी डायफ्रॅमची बोटे बाहेरच्या बाजूस येतात आणि स्लेव्हचा दट्ट्या मागे ढकलला जातो. तेथले तेल टाकीत परत जावयास हवे. मास्टरच्या दांडीला मोकळीक ठेवली नाही, तर दट्ट्या पूर्ण मागे येत नाही, छिद्र झाकलेलेच राहते व तेल अडकते. इंजिन तापले की अडकलेले तेल प्रसरण पावते आणि पेडलाला पाय न लावताही क्लच किंचित दाबला जातो. चढावर क्लच घसरू लागतो. बांधणारा क्लच प्लेटला दोष देतो. मूळ कारण दांडीच्या एका मिलिमीटरात असते. टाकीची उंची स्लेव्हपेक्षा वर असावी आणि झाकण उघडण्यास जागा असावी, हेही मांडणीच्या वेळीच पाहावे.

जोडाच्या आट्यांकडे दुर्लक्ष करणे धोक्याचे आहे. ब्रिटिश व अमेरिकी सिलिंडरांत ३/८ इंच, इंचाला २४ आटे, ही पद्धत आढळते. मेट्रिक सिलिंडरांत १० मि.मी. व्यास, १ मि.मी. अंतराचे आटे. इंची जोड मेट्रिक भोकात सहज फिरतो, कारण त्याचा व्यास ९.५३ मि.मी. च असतो. तो बसला असे वाटते, पण आटे पुरेसे पकडत नाहीत. दाबाखाली तो गळतो किंवा निसटतो.

तेलाची निवड रबराशी निगडित आहे. डॉट ३ व डॉट ४ ही ग्लायकॉल जातीची तेले असून कोरड्या स्थितीत त्यांचा किमान उत्कलनबिंदू अनुक्रमे २०५° से. व २३०° से. असतो. ती हवेतील ओलावा शोषतात. ओलावलेल्या स्थितीत हे अंक १४०° से. व १५५° से. वर येतात. स्लेव्ह एक्झॉस्टजवळ असेल, तर तेल वेळोवेळी बदलण्याचे महत्त्व यावरून ध्यानी यावे. खनिज तेलाच्या योजनेतील सिलिंडर व ब्रेक ऑइलच्या योजनेतील सिलिंडर यांची रबरे भिन्न असतात. एकाचे तेल दुसऱ्यात घातल्यास रबर फुगून निकामी होते.

समकेंद्री स्लेव्ह

काही गिअरबॉक्सांत तरफ नसते. गिअरबॉक्सच्या दांड्याभोवती कड्याच्या आकाराचा स्लेव्ह बसविलेला असतो व तो बेअरिंगला सरळ ढकलतो. याचे क्षेत्रफळ बाहेरच्या व आतल्या वर्तुळांच्या क्षेत्रफळांतील अंतराएवढे असते. बाहेरचा व्यास ४७ मि.मी. व आतला ३६ मि.मी. असेल, तर ते ७१७ चौ. मि.मी. येते. ८ मि.मी. धावेसाठी ५.७४ घन सें.मी. तेल लागते; म्हणजे वरील उदाहरणाहून थोडे अधिक. ३/४ इंचाच्या मास्टरची उपयुक्त धाव २०.१ मि.मी. येईल आणि निष्फळ धाव धरून पेडल सुमारे ११० मि.मी. सरकेल. पद्धत तीच, फरक परिणामाचा. येथे अधिक धाव झाल्यास दट्ट्या आपल्या जागेबाहेर येऊन त्याची वाटी निसटू शकते व तेल क्लच प्लेटवर सांडते. म्हणून समकेंद्री स्लेव्हबरोबर पेडलाचा अटकाव ऐच्छिक राहत नाही. तो अनिवार्य होतो.

समारोप

सारांश, निवडीचा क्रम असा : प्रथम बेअरिंगची धाव व प्रेरणा, मग तरफ, मग स्लेव्हचे क्षेत्रफळ व त्यावरून तेलाचे घनफळ, मग पेडलाचे गुणोत्तर व पायाला उपलब्ध असलेली जागा, आणि या सर्वांच्या शेवटी मास्टरचा अंतर्व्यास. तो अंतर्व्यास आवश्यक घनफळ थोडी राखीव धाव ठेवून देणारा असावा, निवडलेल्या सिलिंडराची प्रत्यक्ष धाव त्या हिशेबाला पुरणारी असावी, आणि पेडलावरील प्रेरणा पायाला झेपणारी असावी. या तिन्ही अटी एकाच वेळी पूर्ण होत नसतील, तर सिलिंडर बदलत राहण्याऐवजी पेडलाच्या गुणोत्तराकडे किंवा स्लेव्हकडे वळावे; कारण सिलिंडर प्रेरणेचे अंतरात व अंतराचे प्रेरणेत रूपांतर करू शकतो, कार्य निर्माण करू शकत नाही.

सांगाड्यात भोके पाडण्यापूर्वी ही चार-पाच मापे कागदावर मांडली, तर मोटार बांधणाऱ्याचे श्रम वाचतात. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला यात आणखी एक लाभ आहे. पास्कलचा नियम, बॉइलचा नियम व ऊर्जेच्या अक्षय्यतेचे तत्त्व पाठ्यपुस्तकात वेगवेगळ्या प्रकरणांत भेटतात. क्लचच्या पेडलाखाली ती एकत्र काम करताना दिसतात, आणि त्यांपैकी एकाचाही विसर पडला तर त्याची जाणीव गिअरबॉक्स करून देतो.